बसलं का दळायला?

एक स्क्रू उरला होता. काळा, बारीक, डोक्यावर अधिकच्या चिन्हाची खाच असलेला. कीबोर्डच्या वरच्या कडेशी तो डोक्यावर उभा होता, आणि नव्या कॉम्प्युटरवर हात ठेवण्याआधी ती बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली होती — हा नेमका कुठला? जोडणीवाला निघाला तेव्हा तिनं विचारलंही होतं. "असतो हो एखादा जास्तीचा," बूट चढवता चढवता तो म्हणाला, "त्याच्यावाचून काही अडत नाही." खरंच अडत नव्हतं. टेबलाखालचं नवं खोकं चालू आहे की बंद, हे वाकून दिवा बघितल्याशिवाय कळू नये इतकं ते शांत होतं. जुन्याचं तसं नव्हतं. एखादा मोठा फोटो उघडायला सांगितला की ते आधी धापा टाकायचं, मग त्याचा पंखा असा काही घोंघावायचा की बाहेरच्या खोलीत कळावं — चला, अडकलं.

बाहेरच्या खोलीत कळायचं म्हणजे आईंना कळायचं. आई म्हणजे तिच्या सासूबाई. होत्या, की आहेत, ते व्याकरण जाणणाऱ्यांनी ठरवावं. त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी, दुसरीबरोबर राहायला गेला, कागदोपत्री जे तुटायचं ते रीतसर तुटलं, आणि आई मात्र राहिल्या त्या इथेच, हिच्याच घरात. त्यावर कधी बोलणं झालं नाही. कुणी "या कोण?" म्हणून विचारलं तर ती "आई" म्हणायची, आणि विचारणाऱ्याला वाटायचं, हिचीच. जो तिला कामं द्यायचा त्या स्टुडिओवाल्याला सगळं ठाऊक होतं; तो एकदा फोनवर "तुमच्या माजी सासूबाई" असं बोलून गेला. ते तिनं आईंना सांगितलं तेव्हा आई हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "माजी? मी निवडणूक कधी हरले गं?" दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

तिचं काम म्हणजे स्टुडिओंनी काढलेले फोटो नीट करणं — पुरळ घालवायची, विस्कटलेले केस बसवायचे, कुणाच्या खांद्यावर आलेला परक्याचा हात पुसायचा. जुन्या कॉम्प्युटरवर यातलं काहीही करायला सांगितलं की पडद्यावर एक छोटं चक्र गरगरायला लागायचं, आणि ते थांबेपर्यंत हाताची घडी. कामातल्या माणसाला हटकायचं नाही, हा आईंचा नेम. पण चक्र फिरतं तेव्हा ही कामात नसते, हा शोध त्यांनी लावला होता. पंखा घोंघावला की त्या दारात येऊन विचारायच्या, "बसलं का दळायला?" आणि हो म्हटलं की खिडकीजवळच्या स्टुलावर टेकायच्या. मग गुडघा, वरच्या मजल्यावरचं भांडण, कधीकाळच्या एका जावेनं चोरून खाल्लेली साय... फोटो उघडला की वाक्य होतं तिथे टाकून त्या उठायच्या. "आलं पीठ. कर तू." उरलेलं वाक्य पुढच्या दळणाला. एकेक गोष्ट अशी दुपारभर पुरायची.

मी ऐकत होते का? हं म्हणायचे, हं म्हणायच्या जागा मला बरोबर ठाऊक झाल्या होत्या... पण डोळे चक्रावर. त्यांचेही चक्रावरच. आम्ही दोघी मिळून त्या चक्राकडे बघत बोलायचो आणि एकमेकींकडे बघायची वेळ कुणावर यायची नाही. सोय म्हणायची तर हीच होती.

रविवारी असंच बसलं होतं दळायला. आई म्हणाल्या, "बेबी म्हणतेय, कायमचीच ये माझ्याकडे." बेबी म्हणजे तिची नणंद, पन्नाशीची बाई, पण बेबीच. "खोलीसुद्धा रिकामी केलीन तिनं. मी म्हटलं, विचारून सांगते. शुक्रवारी संध्याकाळी फोन कर—" आणि फोटो उघडला. आईंनी उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. पीठ आल्यावरही त्या बसून राहिल्या, थोडाच वेळ, पण राहिल्या. तिनं माउस हलवला, फोटोतल्या माणसाची कॉलर सरळ करायला घेतली, आणि मग पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. "कर तू." विचारून सांगते म्हणजे कुणाला विचारून? घरात तिसरं होतं कोण? सोमवारी सकाळी तिनं जोडणीवाल्याला फोन लावला — त्याला ती दोन वर्षं 'बघू, बघू' म्हणत आली होती — आणि म्हणाली, याच आठवड्यात बसवून द्या. योगायोग. जुनं खोकं अगदीच टेकीला आलं होतं हे कुणीही मान्य केलं असतं.

आणि आज शुक्रवार. फोटो उघडा म्हणावं तर उघडलेला. त्वचा मऊ करा, झाली. म्हणायची खोटी. आधी तिला मजा वाटली, मग थोडं ओशाळं झाल्यासारखं वाटलं, कारण इतकी वर्षं ज्याला ती 'दिवसभराचं काम' म्हणत आली त्यातलं काम म्हणावं असं फारच थोडं निघालं; बाकी सगळी वाट बघणं. सकाळपासून आई दारापर्यंत येऊन जात होत्या. एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला, एकदा घड्या केलेले टॉवेल घेऊन, एकदा चष्मा शोधायला, जो त्यांच्या कपाळावरच होता. दर वेळी त्या जरा थबकत, कान देत. पंखा नाही, घोंघावणं नाही. मग माघारी. हे सगळं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, आणि क्लिक करत होते.

स्टुडिओवाल्याचा फोन आला.

"मॅडम, सकाळच्या फोटोतल्या आजींचं काय केलंत?"

"का? काय झालं?"

"त्यांचा मुलगा समोर बसलाय. म्हणतो, ही आमची आई नाही, आईची मुलगी दिसते. आणि आम्हाला बहीण नाही."

"बघते. लगेच पाठवते."

तिनं फोटो उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. उकडून सोललेल्या अंड्यासारखा चेहरा. जुन्या कॉम्प्युटरला पहिलं सांगणं कधी ऐकूच जायचं नाही, म्हणून कुठलंही बटण ती दोनदा दाबायची. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपण आपोआप दोनदा हाक मारतो तसं बोटांना वळणच पडलं होतं. नव्यानं दोन्ही वेळा ऐकलं होतं. आजींच्या सुरकुत्या एकदा पुसल्या आणि मग ज्या दिसतही नव्हत्या त्या पुन्हा पुसल्या. सकाळपासून किती जणांची अशी वाट लावली असेल कोण जाणे.

"बसलं का दळायला?"

आई दारात होत्या. आवाजात आशा होती, ती ऐकू आली आणि तिला स्वतःचा राग आला — म्हणजे आईंचाही आला, पण आधी स्वतःचा.

"हो," ती म्हणाली. "दळतंय. बसा ना."

आई बसल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे बघितलं.

"थांबलंय की गं. काही फिरत नाहीये."

"आतल्या आत फिरतंय."

"अस्सं." खोटं त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. "ही कोण?"

"आहेत एक आजी."

"हिच्या तोंडावर काहीच उमटलं नाही का इतक्या वर्षांत?"

तिनं केलेलं मागे घेतलं. सुरकुत्या सगळ्या एकदम आल्या — पूर्वी रांगेनं यायच्या, आधी कपाळावरच्या, मग डोळ्यांच्या कडेच्या. "आली गं बाई," आई सुटका झाल्यासारख्या म्हणाल्या.

आता. आत्ताच बोलायचं. राहा. दोन अक्षरं, जातायेताही म्हणता येतील अशी. तिनं "आई—" म्हटलं, आणि आईंनी मान वळवून सरळ तिच्याकडे बघितलं. बघायला चक्र नव्हतं ना. इतक्या जवळून त्या बघतील याची तिनं तयारीच केली नव्हती.

"काय गं?"

"चहा घ्यायचा का थोडा?"

"ठेवते," आई म्हणाल्या, आणि उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारख्याच.

भित्री. दुसरा शब्द नाही. तिनं आजींचा फोटो पाठवला, सकाळचे बाकीचे उघडले, एकेकाला त्याचं त्याचं वय परत दिलं. तेही भराभर झालं. लोक तिला म्हणत, धन्य हो तुमची, नवरा गेला आणि सासूला सांभाळताय. ती "त्यात काय" म्हणायची, आणि ते ऐकायला तिला आवडायचं. खोटं कशाला बोला. राहा म्हणायचं म्हणजे तेच पुढे चालू ठेवायचं, आपण मोठेपणा दाखवायचा, त्यांनी डोळे पुसायचे... इतकं सोपं असेल तर तोंडातून निघत का नाही?

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला.

उजेड कलला होता. स्वयंपाकघरात कप खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. फोन वाजतच राहिला. आईंचा फोन, आईंच्या हाताशी असणार, आणि त्या उचलत नव्हत्या. तिला कळलं की त्या वाट बघताहेत, आणि का कुणास ठाऊक, नवरा गेला त्यानंतरची एक दुपार वर आली. ती याच खुर्चीत बसली होती. कॉम्प्युटर लावलाच नव्हता. काळ्या पडद्यासमोर ती सकाळपासून बसली होती, जेवणासाठी मारलेल्या दोन हाका तिनं ऐकल्या नव्हत्या. मग आई दारात आल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "काय करतंय गं ते?" त्यांनी विचारलं होतं. "बंद आहे," ती म्हणाली होती. "मग मी बसते," म्हणून त्यांनी स्टूल ओढलं होतं, आणि काळ्या पडद्याकडे बघत त्या साय चोरणाऱ्या जावेबद्दल बोलत राहिल्या होत्या, पार अंधार पडेपर्यंत. पोटचा मुलगा गेला होता त्यांचा. त्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. चक्र वगैरे सगळं नंतरचं.

मी त्यांना ठेवून घेतलेलंच नाही. त्या माझ्यासाठी थांबल्या. ज्या बाईला मी सांभाळते म्हणून इतकी वर्षं मिरवलं ती रोज दारात येऊन मी आहे ना जागेवर, हे बघून जायची... आणि आता तिला लेकीकडे जायचंय की नाही, मला माहीत नाही. तेवढंसुद्धा मी विचारलेलं नाही.

"अगं," आईंचा आवाज आला, फोनच्या वाजण्याच्याही वर चढलेला. "बेबीचा आहे. काय सांगू?"

राहा म्हणणं म्हणजे मोठेपणा नव्हता. मला तुम्ही लागता, असं म्हणणं होतं ते. आणि हे वाक्य तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, तो पिशवी भरत होता तेव्हा दारात उभी असूनही नाही. भीती वाटत होती, अगदी स्वच्छ, लहानपणी वाटायची तशी. नवल याचं की ती भीती आई जातील याची नव्हती. आपण म्हणू, आणि आपल्याला कुणीतरी लागतं हे एकदा घरात ऐकू गेलं की मग ते परत घेता येणार नाही, याची होती. फोन वाजत होता. ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. केव्हा उठली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.