न छापलेली रोपं

तनुजाचं काम काय होतं, तर कमी पाण्यावर मोसंबी जगवायची. बाभळीच्या डिंकापासून तिनं एक भुकटी तयार केली होती. रोप लावताना ती मूठभर मुळाशी टाकायची आणि वरून पाणी द्यायचं. मग भुकटी फुगणार, पाणी धरून ठेवणार आणि मुळांना लागेल तसं थोडं थोडं सोडणार. हे सगळं तनुजानं ठरवलेलं. भुकटीनं काय ठरवलं होतं ते पुढं कळलं.

साल दुष्काळाचं होतं, दोन हजार बारा-तेराचं. जालना रोडच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या आणि लोक फळाला आलेल्या झाडांचं सरपण करत होते. शहर मात्र बीड बायपास ओलांडून सुसाट सुटलेलं. ज्या गावात प्यायला टँकर, त्याच गावच्या शिवारात नव्या सोसायट्यांच्या पाट्या. अशा वर्षी एखादीनं पाणी धरणारी भुकटी काढली म्हटल्यावर तिला कॉलेजात कोण मान मिळायला लागला! प्राचार्य स्वतः थांबून विचारपूस करायचे. तनुजाला ते आवडायचं, आणि का आवडू नये? खुलताबादच्या शेतकरी घरातली पीएच.डी.ला बसलेली ती पहिलीच मुलगी होती.

प्रयोग तिनं दोन ठिकाणी लावला. एक कॉलेजच्या मागच्या आवारात, नळाच्या पाण्यावर. दुसरा खुलताबादला चुलत्याच्या रानात, बोअरच्या पाण्यावर. आवारातली रोपं अशी तरारली की बघत राहावं. रानातली मेली. नुसती मेली असती तर दुष्काळावर ढकलता आलं असतं, पण ती शेजारी तुलनेला लावलेल्या बिनभुकटीच्या रोपांच्या आधी मेली. तनुजानं उकरून बघितलं तर मुळांभोवती भुकटीचा चिकट गोळा बसलेला, फुगण्याचं नाव नाही. बोअर खोल गेलेलं, पाणी मचूळ, क्षारांनी भरलेलं. त्या पाण्यात भुकटी फुगतच नव्हती, उलट मुळांना गच्च धरून बसत होती. तनुजानं पाणी तपासून आणलं, आकडे मांडले आणि दोन्ही तक्ते घेऊन ती गाइडकडे गेली.

गाइड म्हणजे मुकुंदसर. माणूस वाईट मुळीच नव्हता. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी होस्टेलची पोरं सणासुदीला हक्कानं जेवायला असायची. सरांनी दोन्ही तक्ते नीट बघितले, खुलताबादचा बाजूला सरकवला आणि तिला प्रेमानं समजावलं. फसलेल्या प्रयोगाचा पेपर कुणी छापत नाही. आलं ते लिहायचं, नाही आलं ते आपल्यापाशी ठेवायचं. त्यांच्या गाइडनी त्यांना हेच शिकवलं होतं, आणि त्यांच्या गाइडना त्यांच्या गाइडनी. शिवाय यात खोटं काय आहे? आवारातले आकडे खरेच आहेत की.

तनुजाला ते पटलं नाही. पण न पटलेलं बोलून दाखवायचं धाडस थिसिसवर सही व्हायच्या आधी कुठल्या विद्यार्थ्याच्या अंगी असतं, दाखवा बरं एक तरी. तिनं मान हलवली. पेपर छापून आला, त्यात आवार होतं, खुलताबाद नव्हतं. वर्षभरात ती डॉक्टर झाली आणि त्याच कॉलेजात नोकरीला लागली.

मग पुन्हा दुष्काळ आला, पहिल्याहून वाईट. त्याच दिवसांत ऋतुराज आला. शहराजवळच्या पिसादेवी गावातले शेतकरी आप्पासाहेब, त्यांचा हा धाकटा मुलगा, तनुजाचा पहिला विद्यार्थी. पोरानं तिचा पेपर इतक्यांदा वाचलेला की तिलाच आठवत नसलेली वाक्यं तो म्हणून दाखवायचा. त्याला फेलोशिप मिळाली होती आणि डोक्यात एकच होतं, भुकटी शेतकऱ्याच्या रानात नेऊन दाखवायची. आप्पासाहेबांनी मळ्यातला एक तुकडा त्याला देऊन टाकला होता. ऋतुराज तनुजाला म्हणाला की मी बोअरवर करतो मॅडम, शेतकऱ्याला नळ कोण देतंय.

बोअरवर नको करू, माझी मेली होती. एवढंच तर तनुजाला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि कायम करणाऱ्या कमिटीत मुकुंदसर होते. पेपराचा हवाला आता बाहेरची माणसंही देत होती. आणि या सगळ्याच्या खाली एक भलतीच लबाड आशा होती. खुलताबादला कदाचित आपलंच काही चुकलं असेल, याची जगली तर आपण सुटलो! ती म्हणाली, "कर. बघू या."

रोपं मेली. ऋतुराज मोबाइलमध्ये आकडे घेऊन तिच्या टेबलापुढं उभा राहिला. छापलेला पेपर चुकेल हे त्या पोराच्या स्वप्नातही नव्हतं.

"मॅडम, तुमची जगली," त्यानं विचारलं, "मग माझं काय चुकलं?"

मी सांगतो, माणसाला देव दुसरी संधी देत नाही असं काही नाही. दिली होती की, टेबलापुढं आणून उभी केली होती. तनुजा त्याला म्हणाली की पाणी द्यायला कमी-जास्त झालं असेल, पुन्हा लाव.

त्यानं पुन्हा लावली. या खेपेला पाणी कमी पडायला नको म्हणून आप्पासाहेबांनी स्वतःच्या धरत्या बागेचं पाणी तोडलं आणि पोराच्या रोपांना दिलं. म्हणजे मचूळ पाणी दुप्पट झालं. रोपं पहिल्यापेक्षा लवकर गेली आणि मागोमाग बापाची बागही गेली. तेवढ्यात फेलोशिपची मुदत सरली. ऋतुराज प्रयोगशाळेची किल्ली द्यायला आला तेव्हा तनुजानं त्याला थांबायला सांगितलं, दुसरा विषय घेऊ म्हणाली, मुदत वाढवून मागू म्हणाली. म्हणायला हवं होतं ते सोडून सगळं म्हणाली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो गेला. तिला त्या दिवशी डबा गेला नाही.

पुढं शहर पिसादेवीपर्यंत पोचलं. आप्पासाहेबांच्या मळ्यात प्लॉट पडले. तनुजा कायम झाली, पुंडलिकनगरात तिनं फ्लॅट घेतला, मुकुंदसर निवृत्त झाले, शहराचं नाव बदललं. ऋतुराज प्लॉटिंगच्या धंद्यात बरा चाललाय असं तिच्या कानावर यायचं. ते ऐकून तिला हायसं वाटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. पिसादेवीकडं जायचं काम निघालं तर ती दुसऱ्या कुणाला तरी धाडायची.

मग पाऊस परत एकदा दगा देऊन गेला आणि त्या वर्षी त्याच भुकटीवर पीएच.डी. करायला स्वराली तनुजाकडं आली. ही नव्या चालीची मुलगी. कामाला हात घालायच्या आधीच आपण काय करणार ते हिनं इंटरनेटवर सगळ्यांसमोर लिहून ठेवलेलं, आणि झाल्यावर जगलेली-मेलेली सगळी मोजमापं तिथंच टाकणार, कुणीही यावं आणि चुका काढाव्यात. तनुजा आधी फणकारली. असं उघड्यावर मांडलं तर कुणी चोरून पेपर करेल ना!

"चोरू दे ना मॅडम," स्वराली म्हणाली. "निदान तो तरी परत तेच करत बसणार नाही."

पोरीला काय ठाऊक ती कुणाशी बोलतेय. पुढच्याच वाक्यात तिनं साधेपणानं विचारलं की ही भुकटी बोअरच्या पाण्यावर कधी करून बघितली होती का. तनुजानं या खेपेला सांगून टाकलं. जुन्या कॉम्प्युटरमधून खुलताबादचे आकडे काढले आणि दोघींनी ते सगळ्यांना दिसतील असे मांडले. ज्या नियतकालिकात पेपर आला होता त्यांनाही तिनं कळवलं. मुकुंदसरांना फोन केला तर ते म्हणाले, बाजूला ठेवायला मी लावलं होतं, तेही त्यात लिही. विदर्भातल्या एका मुलानं आभार मानले, तो हाच प्रयोग सुरू करायच्या बेतात होता. तनुजाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पण एका रानावरून काही ठरत नाही, असं स्वरालीचं म्हणणं. दुसऱ्या कुणी बोअरवर केलंय का? केलं होतं. दोनदा केलं होतं. ते आकडे ऋतुराजच्या नावानं मांडता येतील, त्याच्या कामाला त्याचं नाव लागेल. तनुजाला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून होईल. ती स्वतः पिसादेवीला गेली.

रस्त्यालगत ऋतुराजचं ऑफिस होतं, भिंतीवर प्लॉटचे नकाशे. कोपऱ्यातल्या खुर्चीत आप्पासाहेब बसले होते. ऋतुराज लगबगीनं उठला, पंखा तिच्याकडं वळवला, पाया पडला. हा अजून पाया पडतो याचंच तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. खुलताबादला तिचीही रोपं अशीच मेली होती, बोअरच्या पाण्यानं. तो पहिल्या दिवशी आला तेव्हाही तिला हे ठाऊक होतं.

ऋतुराज चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "म्हणजे माझं बरोबर आलं होतं?"

"दोन्ही वेळेला," तनुजा म्हणाली. मग घाईघाईनं तिनं आकड्यांचं काढलं, ते दे, तुझ्या नावानं जाईल, लोकांच्या कामाला येईल.

"ते नाहीत, मॅडम. किल्ली द्यायला आलो त्याच दिवशी पुसले." तो कसनुसा हसला. "चुकीचे आकडे कोण सांभाळून ठेवतंय?"

तनुजानं आप्पासाहेबांकडं बघितलं. त्यांना कळेल असं सांगायला हवं होतं, म्हणून ती म्हणाली की आप्पासाहेब, तुमच्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं, दोष त्या भुकटीचा होता, आणि माझा.

म्हातारा खुर्ची ओढत पुढं सरकला.

"बागंचं काय नाय वो मॅडम, ती दुष्काळात बी गेलीच असती," ते म्हणाले. "पण मी याला म्हणलो व्हतो, तुझ्या हाताला यश नाय, मातीला हात लावू नको. तवापासून यानं एक रोप लावलं नाय. घरापुढली तुळस बी सुनंनं लावली."

"जाऊ द्या ना, आप्पा," ऋतुराज म्हणाला. चहा सांगून येतो असं पुटपुटत तो उठला आणि बाहेर गेला. तनुजा आणि आप्पासाहेब त्याची वाट बघत बसले, पण तो लवकर परत आला नाही.