सौरवचं तूप, शोभाताईंचं ताक

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्यासोबत एका स्वयंपाकघरात चला. प्रताप नगरात, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, ओट्यावर दुधाचं पातेलं निवत ठेवलं आहे. त्यावर जाड, पिवळसर साय धरली आहे. आता सांगा, त्या पातेल्यातलं सगळ्यात चांगलं काय?

साय म्हणालात ना? सुभद्राही तेच म्हणायची.

सुभद्राची दोन लेकरं. गुंजन दहा वर्षांची, सौरव सहाचा. सौरवचे पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूला वाकत चालले होते. तो बदकासारखा डुलत चालायचा. त्याचे बाबा, कवडू, कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचे. त्यांनी पोराला शब्द दिला होता, "तू ठणठणीत झाला का रामटेकच्या पायऱ्या आपल्या पायानं चढशील. मी नुसता तुह्या मांगं मांगं येईन."

सौरव रोज विचारायचा, "बाबा, आता झालो का?"

म्हणून दुधातलं जे उत्तम, ते सौरवचं. सुभद्रा साय साठवायची, विरजायची, घुसळायची. लोणी कढवून तूप करायची आणि त्याच्या गरम भातावर धार धरायची. साय काढलेलं दूध चहाला जायचं. आणि ताक? ते वरच्या मजल्यावरच्या शोभाताईंकडे. घरी घुसळण झालं की शेजाऱ्याला ताक द्यायचं, त्याला कधी नाही म्हणायचं नाही, ही सुभद्राच्या माहेरची रीत. गुंजन लोटा घेऊन जायची. जिन्याखाली थांबून चार घोट प्यायची, ओठ पुसायची आणि मग वर चढायची.

दिवाळीनंतर सौरव उंबऱ्याला अडखळला आणि तेवढ्यानंच त्याचा हात मोडला. दवाखान्यात प्लास्टर झालं. मग डॉक्टरबाईंनी त्याचे पाय पाहिले.

"खायला काय देता याला?"

सुभद्राचा चेहरा खुलला. "घरचं तूप, मॅडम. दोन्ही टाइम. मी सोता बोट नाही लावत."

"आणि दूध? दही? ताक?"

"तूप दुधाचंच तं असते ना?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाल्या, "हाडं ज्यानं घट्ट होतात ते कॅल्शियम दुधात असतं, दह्यात असतं, ताकात असतं. साय काढली तरी ते खालच्या दुधात राहतं. तुपात मात्र जवळजवळ काहीच येत नाही. तुम्ही नेमकं तेवढंच त्याला दिलं."

"मंग आता देतो ना! आजपासून देतो."

"द्या. उन्हात बसवा, औषधही देते. हाडं घट्ट होतील. पण फार उशीर झालाय, बाई. पाय सरळ होतील असं मी सांगू शकत नाही. पुढे ऑपरेशन करावं लागेल. त्यानंही किती फरक पडेल, आज कळत नाही."

गुंजन बाकावर बसून ऐकत होती. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. सरळ होते. तिनं ते बाकाखाली ओढून घेतले.

संध्याकाळी कवडू भडकले. "तुपात दम नाही म्हंते? ताक पिऊन कोनी पैलवान झाला का वं? या डॉक्टर लोकायले गोळ्या खपवाच्या असतात, दुसरं काय!"

"शोभाताईच्या गौरांगले पाहा," सुभद्रा म्हणाली. "दिवसभर जिन्यावरून उड्या मारते. तो कोनतं तूप खाते? आपलं ताक पेते तो."

कवडूंनी ताट पुढे ओढलं. जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुभद्रानं सौरवपुढे दूध ठेवलं. त्यानं पेला लोटून दिला. ताक दिलं तर थुंकलं. "आंबट हाय! मले तूप-भात दे!" कधी लाडानं, कधी रागावून, ती रोज देत राहिली आणि तो रोज थुंकत राहिला. एकदा नाक दाबून पाजलं तर सगळं ओकला. शेवटी ती थकली. पोर उपाशी झोपतं म्हणून तिनं पुन्हा त्याच्या भातावर तुपाची धार धरली. या वेळी ती त्याच्याकडे बघत नव्हती.

औषधाची बाटली फळीवर न उघडता तशीच पडून होती. पाय होते तसेच होते.

"बाबा, आता झालो का?"

"झोप गा," कवडू म्हणाले आणि कूस बदलली.

पुढच्या घुसळणीच्या दिवशी सुभद्राच्या हातानं सवयीनं लोटा भरला आणि गुंजनला दिला. गुंजन जिन्याखाली आली. थांबली. प्यायली नाही.

वरून शोभाताईंचा आवाज आला, "ताक आनून राहिली का वं गुंजन? कढी ठेवाची हाय!"

"आज नाही, काकू."

"काहून? घुसळण्याचा आवाज तं आला!"

"सौरवले पाहिजे."

"तो तं थुंकते म्हने! वाया घालवशील, पोरी!"

गुंजन मागे फिरली. ताकात मीठ घातलं, चिमूटभर साखरही घातली आणि सौरवजवळ जाऊन बसली. त्यानं लोटा पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुंजननं लोटा खाली ठेवला नाही. ती उठली, भिंत आणि सौरव यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत अंग चोरून बसली आणि तिनं लोटा पुन्हा त्याच्यापुढे धरला.