सात पाणमांजरं

माझ्या नणंदबाई नदीवर नाव चालवतात. मी पाटबंधारे खात्याच्या नकाशे काढणाऱ्या कार्यालयात आहे. नदीचं मोठं वळण काँक्रीटचा बांध घालून सरळ करायचं आमच्याकडे ठरत आलं होतं. अडचण एकच, पाणमांजरं. ती असली तर कायद्याने वळणाला हात लावता येत नव्हता. पण अहवाल म्हणत होता, अकरा वर्षांत एकही दिसलेलं नाही.

घरी हे सांगितलं, तर वन्सं पाय धुता धुता थांबल्या.

"कोण म्हणतं नाहीत? माझ्या नाकासमोरून मासे पळवतात मेली!"

"वन्सं, साहेबांना पुरावा लागतो."

"पुरावा काय पदरात बांधून फिरू? साहेबांनाच आण."

साहेब आले, तेही चकचकीत बूट घालून. सोमवारी त्यांना बांधाच्या कागदावर सही करायची होती. पहाटेपासून आम्ही तिघं नावेत होतो. वाळूवर दोन मगरी ऊन खात पडल्या होत्या, खंड्या पाण्यात सूर मारत होता, पण पाणमांजराचा पत्ता नव्हता. एका खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली. मी हरखले. साहेबांनी मान हलवली.

"ही कुणाचीही असेल. चला मागे."

माझा चेहरा पडला. वन्संनी मात्र वल्हं टेकवलं आणि नाव सरळ लव्हाळ्यात घुसवली.

"अहो बाई, इथे पाणी नाही! नकाशा बघा," साहेब ओरडले.

"मग आपण तरंगतोय कशावर?"

लव्हाळ्याची पाती दोन्ही बाजूंनी अंगाला घासू लागली. मग एकदम मोकळं झालं. आत एक अरुंद फाटा होता, वर झाडांचं छत, पाणी हिरवंगार. वन्सं वल्हं आडवं धरून थांबल्या. आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग एक गुळगुळीत डोकं वर आलं, तोंडात तडफडणारा मासा. मागून एकेक करून बाकीची आली. पिल्लं त्या माशासाठी एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"पाच... सहा... सात," साहेब श्वास रोखून मोजत होते. त्यांचे बूट नावेतल्या पाण्यात बुडाले होते आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. मी फोटो काढत सुटले. त्यातले नऊ लख्ख आले.

सोमवारी साहेबांनी बांधाच्या कागदावर स्वतः लाल रेघ मारली. वळण वाचलं! मग म्हणाले, "त्या बाईंना बोलवा. फाटा नकाशात घालायचाय."

वन्सं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. साहेबांनी उठून खुर्ची दिली. माझी पेन्सिल कागदावर फिरत असताना त्या वाकून बघत होत्या.

"अगं, एवढा सरळ नाही तो. डावीकडे घे. अजून. हां!"

कार्यालयातली सगळी माणसं टेबलाभोवती गोळा झाली होती. वन्संनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता पलीकडचा काठ घ्या. तोही चुकलाय."