कुंडीतली वाळू

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या चर्चच्या दारात मी सवयीने कुंडीत बोटं बुडवली आणि ती कोरड्या वाळूत रुतली. पवित्र पाण्याच्या जागी वाळू, तिच्यात खोचलेली एक काटेरी फांदी, वर पाटी : चाळीस दिवसांचं वाळवंट.

कल्पना विक्रांतची. तो पुण्याचा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर आणि चर्चच्या पॅरिश समितीचा सचिव. लहान मुलांना ती फार आवडली, असं ऐकलं. मीही गप्प बसलो असतो. पण घरी चंद्रप्रभा होती.

माझी बायको दीड वर्षापासून अंथरुणावर आहे. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. दर रविवारी मी कुंडीतलं थोडं पाणी औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून आणायचो आणि ती डाव्या हाताने कपाळावर क्रूस करायची. शब्दांशिवाय तिला पुरी करता येईल अशी तेवढीच एक प्रार्थना उरली होती.

त्या रविवारी बाटली रिकामी आली. ईस्टरला कुंडी भरतील, मी म्हणालो.

"तोवर मी असेन?" तिने विचारलं. डॉक्टरांनी मला नाही असंच सांगितलं होतं, जरा लांबण लावून.

मी सरकारी ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात जन्म घालवला. पुस्तकावर माझा विश्वास आहे, पण ते मला नीट कळलं असेल यावर नाही. म्हणून उपासनेचे नियम तीनदा वाचले. कुंड्या रिकाम्या करायच्या त्या फक्त पवित्र आठवड्याच्या शेवटच्या दिवसांत, ईस्टरच्या विधीत नवं पाणी आशीर्वादित होईपर्यंत. बाकी उपवासकाळात पाणी काढायचं नाही. उलट बाप्तिस्म्याची आठवण याच दिवसांत जास्त ठेवायची.

समितीच्या बैठकीत मी हे कागदावरून वाचून दाखवलं. फादर म्हणाले, यंदा ठरलंय, पुढच्या वर्षी बघू. चंद्रप्रभाचं सांगायचं होतं, पण समोसे खात बसलेल्या माणसांना ते कसं सांगावं, कळेना.

"शांताराम अंकल, पाणीटंचाईच्या द्वारकेत राहून पाण्याचा हट्ट?" विक्रांत म्हणाला. "टँकर मागवू का, यार?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून वाटते.

बाहेर फादरांनी मला बाजूला घेतलं. तुमच्यापुरती एक बाटली आशीर्वादित करून देतो, म्हणाले. मी आनंदाने घरी येऊन सांगितलं, तर चंद्रप्रभाने मान हलवली.

"नको. सगळ्यांनी बोटं बुडवलेलं हवं."

मग माझ्या लक्षात आलं. दीड वर्षात तिने त्या माणसांपैकी कुणाला पाहिलं नव्हतं. आठवड्यातून एकदा ती त्यांच्यात जात होती, ती एवढ्याच वाटेने.

पुढच्या रविवारी मी मिस्सेच्या, सकाळच्या उपासनेच्या, तासभर आधी गेलो. वाळू पिशवीत भरली, कुंडी घासली, नळाचं पाणी ओतलं. विधीचं पुस्तक काखेत धरून, कुंडीच्या काठावर दोन्ही हात ठेवून दारातच उभा राहिलो. लोक जमू लागले. विक्रांत आला, पाणी बघून त्याने कपाळावर हात मारला, मग दबक्या आवाजात म्हणाला, अंकल, बाजूला व्हा, लोक बघताहेत. मी म्हणालो, बघू देत. काठावरचे हात काढले नाहीत.

फादर आले. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे कुणाला विचारून केलं?

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "वाळू परत टाकायची तर माझ्या हातांवर टाका. माझी बायको ईस्टर बघणार नाही, फादर. तिला या सगळ्यांच्या बोटांचं पाणी हवंय, आणि ते घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

फादरांनी माझ्या काखेतलं पुस्तक ओढून घेतलं आणि पाणी आशीर्वादित करायची प्रार्थना वाचली. भराभर, माझ्याकडे न बघता. मग लोक एकेक करून बोटं बुडवत आत गेले. विक्रांत न बुडवताच गेला.

मिस्सेनंतर येऊन भेटा, असं फादरांनी बजावलं होतं. मी बाटली भरली आणि न भेटताच मेट्रो धरली.

चंद्रप्रभाने सगळं ऐकलं, दोनदा.

"फादर रागावले?"

"फार."

"रागावू देत," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला.