सदतिसावं झाकण

दुर्बीण गुरुवारी उडाली, तर ओडेटच्या पदरात शनिवारी पोरीचं लग्न पडणार होतं. उड्डाण लांबलं, तर लग्न ठरल्याप्रमाणे दूरच्या माना गावी लागणार आणि नवरीची आई इकडे कुरूच्या रॉकेटतळावर, केसांवर पांढरी टोपी चढवून अडकून पडणार.

विश्वाच्या पार पलीकडून येणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपायला ही दुर्बीण निघाली होती. तिच्या नाजूक जागांवरची लाल झाकणं काढायची, मोजायची, त्यावर ओडेटने सही करायची. मगच रॉकेटचं टोक बंद. बसवली होती सदतीस. मंगळवारी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आली छत्तीस.

"पुन्हा मोज," संचालक मार्सोल म्हणाले.

"चारदा मोजली, साहेब. आता तुम्ही मोजून बघा, तुमच्या हाताला गुण असेल."

त्यांच्या हातालाही नव्हता. एखादं झाकण आतच राहिलं, तर दुर्बीण आंधळी. पुन्हा मचाण बांधून शोधायचं म्हणजे चार दिवस. गेलं लग्न!

ओडेटने खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांची तोंडं उतरलेली, मार्सोल तर नखं खात होते. फक्त प्रोफेसर तामिंगा, ज्यांनी या दुर्बिणीपायी तीस वर्षं आणि एक बायको घालवली होती, ते कोपऱ्यात एका हाताने कॉफी ढवळत होते. ज्याचं पोर आंधळं व्हायची पाळी, तो माणूस एवढा निवांत?

"प्रोफेसरसाहेब, तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटते ना! भयंकर वाटते!"

"मग दुसरा हात खिशातून काढा आणि दोन्ही हातांनी करा काळजी."

तामिंगा कानापर्यंत लाल झाले. हात बाहेर आला, त्यात झाकण.

"आठवण म्हणून घेतलं हो. एकदा गेली की ती मला परत कधी दिसणार आहे?"

"अहो, मोजून झाल्यावर मागितलं असतं तर अख्खी पेटी दिली असती!"

तिने सही केली आणि घडलं ते नोंदवहीत जसंच्या तसं लिहिलं. नियमाप्रमाणे प्रोफेसरांची नियंत्रण कक्षातली खुर्ची गेली. खूश झालेल्या मार्सोलनी ती ओडेटला बहाल केली. बक्षीस म्हटल्यावर नाही म्हणता येईना.

गुरुवारी रॉकेट वेळेवर सुटलं. प्रोफेसर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निम्म्या गावासोबत किनाऱ्यावर उभे होते. आपली दुर्बीण आगीच्या शेपटीवर बसून ढगात शिरताना त्यांनी डोळे भरून पाहिली. बावीस वर्षं एकही उड्डाण न चुकवता ओडेट त्याच वाळूत उभी राहत आली होती. या खेपेला ती बिनखिडकीच्या खोलीत बसून हिरवे आकडे बघत होती.

शनिवारी ती माना गावी पहिल्या रांगेत बसून यथेच्छ रडली, तेव्हा तिच्या बाजूने तक्रार नाही. पण झाकण ज्याने उचललं त्याला अख्खं आकाश मिळालं, आणि पावती फाटली ती ओडेटच्या नावाने.