आधी शिंगरू उभं राहू दे

मित्रांनो, मी एक जुना हॅशटॅग आहे. जुना म्हणजे किती, तर बारा वर्षांचा. तुमच्या लेखी बारा वर्षं म्हणजे बालपण असेल, पण आमच्यातले पुष्कळजण सकाळी जन्मतात आणि संध्याकाळी विसरले जातात.

माझ्या पुढ्यात दोन उभ्या, दोन आडव्या काठ्या आहेत. त्यांच्या मागे माझा एकच शब्द उभा आहे: सुयुंचू. आमच्या नारिनच्या डोंगराळ किर्गिझ मुलखात हा शब्द पाळण्यातल्या लेकराच्याही कानावरून गेलेला असतो. आनंदाची बातमी घेऊन येणारा माणूस उंबऱ्यावरूनच ओरडतो, "सुयुंचू!" मग ऐकणाऱ्याने हाताशी असेल ते त्याला सुयुंचू म्हणून द्यायचं. रुमाल, टोपी, चाकू, कोकरू, काहीही. पण ते मिळतं पहिल्यालाच. दुसऱ्याला नुसता चहा.

मला जन्म दिला जिपारने. ती गावच्या शाळेत शिकवते. त्या वर्षी तिच्या भावाला मुलगी झाली. जिपारने तान्हीचा फोटो फोनवर टाकला आणि खाली मला लिहिलं, आमच्या किर्गिझ बोलीत. शहरातल्या मैत्रिणीने लगेच टोमणा मारला, "अगं, रशियनमध्ये लिही की. ही गावठी भाषा कोण वाचणार इथे?"

जिपारने उत्तर दिलं, "ज्यांच्या घरी पाळणा हलला ते वाचतील."

आणि वाचलं हो! आधी गावाने, मग खोऱ्याने, मग मॉस्कोत रस्ते झाडणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या आमच्या माणसांनी. माझ्यावर नुसतं बोट ठेवलं की सगळ्या मुलखाची सुखं एका अंगणात गोळा व्हायची. कुणाच्या घोडीला शिंगरू झालं, कुणाची लेक परीक्षा पास झाली, कुणाचा नवरा तीन वर्षांनी घरी परतला. परदेशात राहणारी माणसं माझ्यामुळे आपल्या भाषेत हसायला लागली. मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पण ज्या विहिरीचं पाणी गोड, तिच्या काठावर चिखलही होतोच. पुढे दुकानदारांनी मला धरलं. "सुयुंचू! गालिचे स्वस्त झाले!" "सुयुंचू! नवे टायर आले!" मला खोटं हसायची सवय लागली. आणि माणसांना सवय लागली घाईची. बातमी खरी आहे का, यापेक्षा ती पहिली कुणी टाकली, यालाच मोल आलं.

या घाईत सर्वांत पुढे असायचा एल्दियार, जिपारचा चुलतभाऊ. टॅक्सी चालवायचा. मनाने लोण्यासारखा, पण जीभ आणि अंगठा दोन्ही गाडीपेक्षा वेगवान. जिपारचे वडील बेइशेन त्याला चिडवायचे, "एल्द्या, तू जन्मलास तेव्हासुद्धा सुयुंचू मागायला तूच बाहेर आला असशील!"

सगळे त्यांना बेइशेन-अता म्हणत; अता म्हणजे बाबा. मेंढरं राखणं हा त्यांचा धंदा आणि तीन तारांचं कोमुझ हा त्यांचा जीव. उजव्या हाताची बोटं तारांवर फिरायला लागली की चुलीवरचा चहासुद्धा उकळायचं विसरत असेल. एक कडवं ते नेहमी गुणगुणत:

बातमी दौडत येते, तिला ना खूर, ना लगाम;
खरं चालत येतं मागून, त्याच्या कपाळी घाम.

मग एका वर्षी मार्च संपता संपता वादळ आलं. अता मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेले होते. बर्फाने वाट पुसली. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच सहा गावांचे घोडेस्वार शोधायला निघाले. जिपार दारातच उभी होती. तिच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये मी. साऱ्या खोऱ्याचे डोळे माझ्यावर लागले होते, कारण चांगली बातमी आली तर ती माझ्याच दाराने येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी एल्दियारने रस्त्यावरून पाहिलं. दूर घळीतून मेंढरं एकामागे एक, ओळीने उतरत होती. आमच्याकडे पोरालाही कळतं की बर्फात कळप बिथरतो. मागे राखणारा असल्याशिवाय तो असा ओळीने उतरत नाही. एल्दियारने गाडी थांबवली नाही, घळीपर्यंत गेला नाही. त्याने धूसर फोटो काढला आणि लिहिलं, "सुयुंचू! बेइशेन-अता सापडले!" पुढे मी होतोच.

कड्यावर फोनला रेंज असते. तिथल्या स्वारांनी मला वाचलं, देवाचे आभार मानले आणि घोडे माघारी वळवले. घराघरांत पीठ मळलं गेलं, तेलात बोरसोक फुगू लागले. एल्दियार धापा टाकत जिपारच्या दारी आला.

"ताई, सुयुंचू!"

 जिपारने कानांतली चांदीची कर्णफुलं काढली, आईची शेवटची आठवण, आणि त्याच्या ओंजळीत ठेवली.

तासाभराने मेंढरं गावात शिरली. पुढे म्हातारा म्होरक्या बोकड होता, गळ्यातली घंटा वाजवत. त्यानेच कळप घरी आणला होता. मागे कुणी नव्हतं.

जिपार कळपाच्या शेवटच्या मेंढीपर्यंत चालत गेली आणि तिथेच उभी राहिली. "अता कुठे आहेत, एल्दियार?" तिने हळूच विचारलं. "तू पाहिलंस ना त्यांना?"

एल्दियारने फोनमधला धूसर फोटो तिच्यापुढे धरला; त्यात नुसती मेंढरं होती.

घोड्यांवर पुन्हा जीन चढेपर्यंत उन्हं डोंगराआड गेली, वारा सुटला, आणि स्वारांना अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं. अता सापडले ते दुसऱ्या सकाळी, एका दगडी मेंढवाड्याच्या आडोशाला, कुत्र्याला छातीशी धरून. जिवंत होते. आदल्या दिवशी स्वारांनी घोडे वळवल्याच्या खुणा तिथून एकच टेकडी अलीकडे होत्या.

उजव्या हाताची तीन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

त्यानंतर खोऱ्यात मला कुणी लिहिलं नाही. लेकरं जन्मली, लग्नं झाली, मी रिकाम्या तंबूसारखा पडून राहिलो. जिपारने कोमुझला कापड गुंडाळलं आणि ते उंच टांगलं. एल्दियार कर्णफुलं परत करायला आला, तेव्हा अतांनी मान हलवली. "दिलेली सुयुंचू परत घेत नाहीत, लेका. ठेव ती. एक दिवस कमव."

मे महिन्यात अतांची पांढरी घोडी व्यायली. एल्दियार मदतीला होता. शिंगरू गवतावर पडलं तसा त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, आणि वाटेतच थांबला.

"लिहू का, अता?"

"आधी उभं राहू दे."

शिंगरू उठलं, पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. कितीतरी वेळ दोघं चिखलात बसून राहिले. शेवटी चारही पाय थरथरत सरळ झाले.

"आता?"

"पिऊ दे."

शिंगराने आईचं आचळ शोधलं, शेपटी हलवत ते दूध पिऊ लागलं. तेव्हा अतांनी आपला तुटका हात एल्दियारच्या खांद्यावर ठेवला. "आता लिही. पण आधी घरात जाऊन तोंडाने सांग."

एल्दियार जिपारच्या दारापर्यंत चालत गेला, पळाला नाही. "ताई, शिंगरू उभं राहिलं. दूध पितंय. मी डोळ्यांनी पाहिलं. सुयुंचू."

 जिपार म्हणाली, "कर्णफुलं आता तुझी झाली." आणि तिने स्वतःच्या हाताने मला लिहिलं.

मित्रांनो, मला पाय नाहीत. तुम्ही जिथे धाडाल तिथे मी जातो, आणि मी गेलो की कुणीतरी घोडा वळवतं, कुणीतरी पीठ मळतं, कुणीतरी कानातलं काढून देतं. म्हणून एवढंच मागणं आहे: मला लिहिण्याआधी घळीपर्यंत चालत जा. कळपाच्या मागे कोण आहे, ते पाहून या. तोवर मी थांबतो. मला थांबता येतं.