आईच्या वांग्याची रोपं

मुहूर्त बघायची आमच्या घरात पद्धत नाही. बाबांना तर त्याचा रागच. तरी आईची वांग्याची रोपं बाहेर लावायला मी बुद्ध पौर्णिमाच धरून बसले. हौस माझी आणि मूर्खपणाही माझाच.

आई गेली तेव्हा व्हिसाचे कागद अडकले होते, मला नागपूरला जाता आलं नाही. पुढे बाबांनी कुणाबरोबर तरी तिनं राखलेलं काटेरी वांग्याचं बी पाठवलं. शिकागोजवळच्या आमच्या टाउनहाउसच्या खिडकीत मी मार्चमध्ये ते सगळं बी पेरून एकोणीस रोपं वाढवली. तिच्या हातच्या बियाचं एक तरी भरलं वांगं खायचं, म्हणजे तिला शेवटचं भेटल्यासारखं होईल, एवढंच मला हवं होतं.

शेजारची डोरोथी दोनदा म्हणाली, अर्धा मे सरू दे, तोवर इथे रात्री दव गोठून रोपं जळतात. त्या साली पौर्णिमा चार मेला आली. मी तिचं ऐकलं नाही.

लावली त्याच संध्याकाळी माझा नवरा राजेश टीव्हीसमोरून ओरडला, "सुजाता, फ्रॉस्ट वॉर्निंग आहे यार! सगळं कव्हर करावं लागेल."

डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या तांदळाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मी कधी फेकत नाही, त्यावरून तो मला नेहमी चिडवतो. त्या दिवशी नाही चिडवलं. दोघांनी एकेका रोपावर एकेक पिशवी उपडी घातली, कडेनं दगड ठेवले. वर एक ढग नव्हता. एवढा सुंदर चंद्र, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी पिशव्या उचलल्या. पानं शिजवलेल्या पालकासारखी लिबलिबीत, काळी पडलेली. डोरोथी कुंपणाशी आली. प्लॅस्टिक पानांना टेकलं की गारठा आत जातो, काड्या रोवून वर चादर टाकायला हवी होती, असं ती हळूच म्हणाली. मला तिचा संताप आला. खरं तर तिचा नव्हताच.

रविवारी बाबांचा फोन आला.

"तुझ्या आईची वांगी काय म्हणतात?"

"मस्त आहेत, बाबा."

"एक वांगं झाडावरच पिकू दे. बी धर आणि थोडं मला पाठव. इथलं सगळंच तुला दिलं मी. म्हटलं, आपली सुजाता नीट सांभाळेल."

"हो, बाबा," मी म्हणाले. फोन ठेवला आणि बाहेर जाऊन त्या एकोणीस काळ्या काड्यांना पाणी घातलं.